तीन जुनी मशीन, एक स्विच आणि ओपन एमपीआय: माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही तीन जुनी आय-थ्री मशीन जोडून त्यांच्यावर ओपन एमपीआय, म्हणजे अनेक मशीनना एकमेकांना निरोप पाठवत एकच गणित सोडवू देणारं सॉफ्टवेअर, बसवलं. प्रत्येक मशीनला दोन कोअर, चार थ्रेड आणि चार जीबी रॅम, मध्ये एक गिगाबिट स्विच. दोघांवर उबंटू लिनक्सची २२.०४ आवृत्ती होती, तिसऱ्यावर २०.०४. या फरकापायीच सगळ्यात जास्त वेळ गेला.

पहिली अडचण मात्र एमपीआयची नव्हतीच. सॉफ्टवेअरची पॅकेज उतरवून बसवणाऱ्या ॲप्टला 'सुडो ॲप्ट अपडेट' दिलं की रिलीज फाईल अजून वैध झालेली नाही, असं उत्तर यायचं. मिरर बदला, हॉटस्पॉट बदला, उत्तर तेच. शेवटी 'डेट' लिहून पाहिलं तर मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे. मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी मेलेली असली की लाईन जाताच घड्याळ मागे पडतं. मग सर्टिफिकेट चुकीची वाटतात, आणि 'मेक' चालवलं तर फाईल भविष्यातली आहे अशी तक्रार येते. बॅटरी बदलली, वेळ इंटरनेटवरून जुळावी म्हणून 'टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू' दिलं, प्रश्न मिटला. जुन्या मशीनवर काहीही बसवण्याआधी तारीख बघाच.

इन्स्टॉल चालू असताना लाईन गेली तर ॲप्ट पुढच्या वेळी अडून बसतं. 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' दिलं की अर्धवट राहिलेलं काम ते पूर्ण करतं. मोबाइल डेटा वाचवायचा असेल तर पॅकेज एकाच मशीनवर 'ॲप्ट-गेट'ने उतरवा, 'व्हार'च्या आत 'कॅश', 'ॲप्ट', 'अर्काइव्ह्ज' या फोल्डरमधल्या पॅकेजच्या डेब फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि बाकीच्यांवर 'डीपीकेजी -आय'ने बसवा. उबंटूची आवृत्ती एकच असेल तरच हे जमतं.

लागणारी पॅकेज तीनच: 'ओपनएमपीआय-बिन', 'लिबओपनएमपीआय-डेव्ह' आणि 'बिल्ड-इसेन्शिअल'. पण २२.०४ वर ओपन एमपीआय ४.१.२ येतं आणि २०.०४ वर ४.०.३. सगळ्या मशीनवर एकच आवृत्ती हवी, म्हणून तिसऱ्या मशीनवर ४.१.२ सोर्समधून बांधून 'ऑप्ट' फोल्डरमध्ये टाकलं. तिथे बसून चालवलं की चालायचं, पहिल्या मशीनवरून हाक मारली की 'ओआरटेड' (दूरच्या मशीनवर काम सुरू करणारा ओपन एमपीआयचा मदतनीस प्रोग्राम) सापडत नाही. कारण उबंटूत टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या 'बॅशआरसी' फाईलच्या सुरुवातीलाच अशी ओळ असते की समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत फिर. एमपीआयरन (प्रोग्राम सुरू करणारी आज्ञा) एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याची सोय) आत जातं तेव्हा समोर कोणी नसतं, त्यामुळे फाईलच्या तळाशी लिहिलेला पाथ, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे तो पत्ता, वाचलाच जात नाही. पाथ आणि लायब्ररी पाथ त्या ओळीच्या वर नेले की 'ओआरटेड' सापडतं. 'लिबएमपीआय.एसओ.४०' उघडता येत नाही ही तक्रारही बहुतेक याच कारणाने येते. तरीही शेवटी आम्ही तिसऱ्या मशीनवर २२.०४ नव्याने टाकलं आणि तिन्हीकडे ॲप्टचंच ओपन एमपीआय ठेवलं. माझं स्पष्ट मत आहे: सोर्समधून बांधायचं तर सगळ्या मशीनवर, एकाच फोल्डरमध्ये बांधा, नाहीतर त्या वाटेला जाऊ नका.

राउटरची लाईन जाऊन आली की पत्ते बदलतात, म्हणून तिघांना कायमचे आयपी दिले आणि नावं प्रत्येकाच्या 'होस्ट्स' फाईलमध्ये लिहिली. तिन्हीकडे एकाच नावाचा यूजर केला. पासवर्डशिवाय एसएसएचसाठी 'एसएसएच-कीजेन' आणि 'एसएसएच-कॉपी-आयडी' पुरतात. त्यानंतर प्रत्येक मशीनवर एकदा हाताने लॉगिन करून 'येस' म्हणा, नाहीतर होस्टची ओळख पटली नाही म्हणून एमपीआयरन थांबतं. तरीही पासवर्ड मागत असेल तर समोरच्या मशीनच्या होम फोल्डरच्या आणि '.एसएसएच'च्या परवानग्या बघा. '.एसएसएच'ला ७०० आणि आतल्या 'ऑथराइज्ड कीज'ला ६०० हवी.

मग एका मशीनवर चार प्रोसेस (प्रोग्रामच्या चालत्या प्रती) मागितल्या तर पुरेसे स्लॉट (प्रोसेससाठीच्या जागा) नाहीत, असं उत्तर. ओपन एमपीआय स्लॉट मोजताना थ्रेड धरत नाही, कोअर धरतं, म्हणजे आमच्याकडे दोनच. '--यूज-एचडब्ल्यूथ्रेड-सीपीयूज' दिलं की थ्रेड मोजले जातात. पण नुसत्या आकडेमोडीत एका कोअरच्या दोन थ्रेडना गणिताचे भाग वाटूनच घ्यावे लागतात, फायदा थोडाच. मशीनची यादी असलेल्या होस्टफाईलमध्ये प्रत्येकापुढे 'स्लॉट्स=२' लिहून सहा प्रोसेसवर थांबलो.

सगळ्यात फसवी चूक यानंतरची. सहा प्रोसेस सुरू झाल्या आणि सहाही जणी म्हणाल्या, मी शून्य नंबर, एकूण एक. एररचं नाव नाही. लॅबमधल्या पहिल्या मशीनवर कोणीतरी आधी एमपीआयसीएच हे त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर बसवलं होतं. एमपीआय हे निरोप कसे पाठवायचे याचं १९९४ साली आलेलं मानक. ओपन एमपीआय आणि एमपीआयसीएच हे दोन्ही ते पाळतात, पण एकाचा एमपीआयरन दुसऱ्याच्या लायब्ररीवर बांधलेल्या प्रोग्रामला ओळखत नाही. मग प्रत्येक प्रोसेस स्वतःला एकटीच समजते. उबंटूत कंपायलर आणि रन या दोहोंची निवड वेगवेगळी असते, म्हणून 'अपडेट-ऑल्टरनेटिव्हज --कॉन्फिग एमपीआय' आणि '--कॉन्फिग एमपीआयरन' दोन्ही तपासा. 'एलडीडी'ने प्रोग्राम कोणती लायब्ररी धरतोय ते बघा आणि निवड बदलल्यावर पुन्हा कंपाइल करा.

वेगवेगळ्या प्रोसेसरनी निरोप पाठवत एकच गणित सोडवायचं, हे काम आपल्या भागाला परकं नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक याच तत्त्वावर उभा केला आणि त्याचं नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे.

निरोपांवरूनच पुढचं. नाव-नंबर छापणारा प्रोग्राम तिन्हीकडे चालला, पण आकडे पाठवायला लागलो की सगळं गप्प. फायरवॉल हे एक कारण: एमपीआय दर वेळी वेगळे पोर्ट उघडतं, म्हणून एकच पोर्ट मोकळा करून भागत नाही. 'यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४' असं सगळं लॅन मोकळं केलं. तरी अडलं. दोन मशीनवर व्हर्च्युअल मशीनसाठी केलेला 'व्हीआयआरबीआर०' हा आभासी नेटवर्क जोड होता आणि दोन्हीकडे त्याचा पत्ता एकच, १९२.१६८.१२२.१. ओपन एमपीआयला वाटतं की दोघं त्याच नेटवर्कवर आहेत, ते तिकडून निरोप पाठवतं आणि वाट बघत बसतं. होम फोल्डरमधल्या '.ओपनएमपीआय'मध्ये 'एमसीए-पॅराम्स.कॉन्फ' फाईल करून 'बीटीएल_टीसीपी_आयएफ_इन्क्लूड = १९२.१६८.१.०/२४' ही ओळ तिन्हीकडे टाकली आणि निरोप धावले. इथे नेटवर्क कार्डाचं नाव देऊ नका, ते मशीनगणिक बदलतं. सबनेट, म्हणजे लॅनच्या पत्त्यांचा गट, सगळीकडे तोच राहतो.

आता उरला वेग. सहा प्रोसेसमध्ये एक हळू पडली की एकत्र बेरजेच्या पायरीला बाकी पाच थांबून राहतात. 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींत, तापमान हद्दीपार गेल्याने क्लॉक कमी केल्याच्या ओळी दिसल्या, त्याही एकाच मशीनवर. ते मशीन खिडकीशी, आणि बाहेरून जिनिंगचा कापसाचा कचरा येतो. हीटसिंकच्या पात्यांत त्याचा जाड थर बसला होता. ब्लोअरने साफ केलं, थर्मल पेस्ट नवी लावली, 'सेन्सर्स' लावून तापमान बघितलं. मे महिन्यात मोठी गणितं पहाटेच सुरू करतो. मधेच लाईन जाऊन एक मशीन पडलं तर सगळंच काम बंद पडतं, म्हणून ठरावीक फेऱ्यांनंतर उत्तर फाईलमध्ये लिहून ठेवतो आणि लाईन आली की तिथूनच पुढे चालू करतो.