हेलसिंकीत आठ दिवस: वेलचीचा पाव, नवसागराची गोळी

"मावशी, थुंकायचं नाही हं. मिनिटभर तोंडात धर, मग ठरव," असं बजावून भाचीने माझ्या तळहातावर एक काळी, शंकरपाळ्याच्या आकाराची गोळी ठेवली. हेलसिंकीशेजारच्या ओटानिएमीतल्या तिच्या खोलीवर पोहोचून आम्हाला अर्धा तासही झाला नव्हता. पहिल्यांदा लागला ज्येष्ठमध. घसा बसला की आई चघळायला द्यायची, तोच. मग खारट. मग जीभ झोंबली आणि नाकात एक वास चढला. ओळखीचा, पण कुठला ते काही आठवेना. आमच्या ह्यांना आठवला. "अगं, कल्हईवाला!" पितळेच्या पातेल्यात तो चिमूटभर पांढरी पूड टाकायचा आणि भपकन धूर निघायचा, तो नवसागर. साल्मिआक्की नावाच्या या फिनिश गोळीत तोच असतो, अमोनियम क्लोराइड. एके काळी औषधांच्या दुकानात खोकल्यावर मिळायचा, आजही एका प्रसिद्ध डबीच्या नावाचा अर्थ 'औषधवाल्याचा साल्मिआक्की' असाच आहे. शंकरपाळ्याच्या आकाराला फिनिशमध्ये शब्दही साल्मिआक्कीच.

पहिली गोळी मी टिश्यूत गुंडाळली. तिसऱ्या दिवशी आपणहून मागितली.

जाणाऱ्यांनी क्रम थोडा वेगळा ठेवावा. आधी लाक्रित्सी, म्हणजे मऊ, गोडसर ज्येष्ठमधाच्या कांड्या. मग साधा साल्मिआक्की. 'तुर्किस्क पेबर' नावाची कडक गोळी सगळ्यात शेवटी, कारण तिच्या पोटात झणझणीत पूड भरलेली असते. आणि रक्तदाब असेल तर बेतानेच. ज्येष्ठमधाने तो वाढतो, आणि जास्त ज्येष्ठमध असलेल्या पाकिटांवर तशी सूचनाही छापलेली असते. ह्यांना मी ती वाचून दाखवली. त्यांनी ऐकली आणि डबी खिशात टाकली.

आम्ही गेलो होतो एप्रिल २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात. ही वेळ साधली ते भाचीच्या सुट्टीमुळे, पण खाण्याच्या दृष्टीने लॉटरीच लागली. तिथलं गोडधोड तिथीवर चालतं. जानेवारीत रुनेबर्ग टार्ट, लेंटच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासांच्या) आधी साय भरलेले बन, ईस्टरला मॅम्मी, एक मेला तिप्पालेइपा, नाताळात आलुबुखाराच्या मुरंब्याच्या चांदण्या. तारीख उलटली की बरेचसे पदार्थ दुकानातून गायब. आपल्याकडे चैत्रात तिळगूळ मागितला तर दुकानदार जसा बघेल, तसंच. म्हणून तिकीट काढण्याआधी कॅलेंडर बघा.

रोजचं खाणं मात्र बारमाही. कोर्वापूस्ती, शब्दशः कानाखाली आवाज. दालचिनी-साखर पसरून वळकटी करायची, तिरके काप काढायचे आणि प्रत्येकाच्या मधोमध बोटाने दाबायचं. दोन्ही बाजूंचे पदर कानांसारखे वर येतात. दालचिनीपेक्षा मला कौतुक वाटलं ते पिठातल्या वेलचीचं. पूड नाही, जाडसर कुटलेले दाणे, दाताखाली येतील असे. सकाळी बेकरीच्या दारातून जाताना श्रीखंडाच्या पातेल्याची आठवण व्हावी, हे उत्तर ध्रुवाच्या इतक्या जवळ अपेक्षित नव्हतं. कॅफेत एकाचे साधारण चार-पाच युरो पडतात, सुपरमार्केटातल्या बेकरीत निम्म्याहून कमी. आम्ही एकदा समुद्रकाठच्या लाल लाकडी खोपट्यात, कॅफे रेगातात, रांग लावून खाल्ला. तिथली ऊब आणि धुराचा वास यांचे ते पैसे. एरवी सुपरमार्केटातला घ्या आणि बाकावर बसून खा.

सोबत कॉफी हवीच. फिल्टरची, हलकी भाजलेली, चवीला जरा आंबटसर. दूध घालून उकळलेल्या कॉफीची सवय असेल तर पहिले दोन दिवस नाक मुरडाल. अनेक ठिकाणी दुसरा कप फुकट किंवा थोडक्यात मिळतो. त्याला 'सान्त्सी' म्हणतात, विचारायला लाजू नका.

आता कार्यालनपीराक्का, म्हणजे कारेलिया प्रांताची 'पाय' (इंग्रजीतली, सारण भरून भाजलेली). राईच्या (मोहरी नव्हे, गव्हासारखं 'राय' धान्य) पिठाची पापुद्र्याइतकी पातळ पोळी, त्यात दुधात शिजवून घट्ट केलेला, मीठ घातलेला भात, आणि कडेला बोटांनी घातलेली मुरड. मुरड घालणारी बाई तिथे दिसली असती तर मी हातच धरला असता, इतकी ती करंजीवाल्यांच्या घराण्यातली. दुसऱ्या महायुद्धात कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला, चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून उरलेल्या फिनलंडभर विखुरली, आणि त्यांच्याबरोबर ही पायही. २००३ पासून युरोपीय संघाने हे नाव राखून ठेवलंय. राईची पातळ पारी नसेल तर त्या पदार्थाला नुसतं 'रीसीपीराक्का', भाताची पाय, म्हणावं लागतं. पाकिटावर हा फरक बघून घ्या. गरम करून, वर मुनावोई थापून खायची; मुनावोई म्हणजे उकडलेलं अंडं लोण्यात कुस्करून केलेलं. अंडं न खाणाऱ्यांनी नुसतं लोणी मागावं, आणि वरून अंड्याचा हात फिरवलाय का तेही विचारावं.

इथेच आमची फजिती झाली. हे मांसमच्छी खात नाहीत, अंडं चालतं. बंदरावरच्या बाजारात, कौप्पातोरीला, एका टपरीवर ह्यांनी 'पीराक्का' एवढंच वाचलं आणि ऐटीत एक मागून घेतला. हातात आला तळलेला, फुगीर, अगदी डोनटसारखा. नाव होतं लीहापीराक्का. 'लीहा' म्हणजे मांस. आत खिमा आणि भात. तोडल्यावर ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. टपरीवाल्याची काही चूक नाही, पाटी ढळढळीत लिहिलेली होती. ह्यांनी तो अर्धा तुकडा हात लांब करून मला दाखवला, "हे काय आहे बघ गं?" आणि मी बघायच्या आत एका पांढऱ्या सीगलने तो उचलला. त्यामुळे दोन गोष्टी. शाकाहारींनी शब्दाचा सुरुवातीचा भाग वाचावा: 'लीहा' म्हणजे मांस, 'काला' म्हणजे मासा, 'काना' म्हणजे कोंबडी, 'कास्विस' म्हणजे भाजी. आणि कौप्पातोरीला काहीही खाताना पाठ भिंतीला लावून, खाणं छातीशी धरून उभं राहावं. आइस्क्रीमवर तर त्या पक्ष्यांचा विशेष डोळा.

मासे खाणाऱ्यांनी तिथेच मुइक्कू खावेत. बोटभर लांबीचे, गोड्या पाण्यातले, राईच्या पिठात घोळवून लोण्यात कुरकुरीत केलेले. काट्यासकट जातात. मांदेली आठवली, एवढंच म्हणते आणि पुढे जाते, नाहीतर लेख माशांचा होईल.

लेइपायूस्तो या चीजकडे मी मुद्दाम येणार होते. थाळीएवढी चपटी चकती, वर भाजल्याचे तपकिरी ठिपके, चावलं की दातांखाली कुईकुई वाजतं. पूर्वी हे नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या चिकाचं करत. भाचीने हे सांगितल्यावर आम्ही दोघं एकदम म्हणालो, खरवस! आता बहुतेक साध्या दुधाचंच मिळतं. तव्यावर किंचित गरम करायचं आणि वर लाक्काचा मुरंबा. लाक्का हे दलदलीत उगवणारं केशरी फळ, फिनलंडच्या दोन युरोच्या नाण्यावर कोरलेलं. चव आंबटगोड, बिया बऱ्याच. उत्तरेकडे या चीजचे तुकडे कॉफीत टाकून खातात. भिजलेले तुकडे चमच्याने काढून खाल्ले, मला आवडले. ह्यांनी कप माझ्याकडे सरकवला. कडक शाकाहारींनी चीजमधलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, प्राणिज आहे का ते विचारावं.

ईस्टर नुकताच होऊन गेल्यामुळे मॅम्मीचे उरलेले डबे दुकानात स्वस्तात होते. राईचं पीठ आणि माल्ट पाण्यात शिजवून भाजलेला हा काळाकुट्ट लगदा. भाची त्याला डांबर म्हणते. नुसता खाल्लात तर तिचं पटेल. भरपूर साय आणि वर साखर घातली की कडवटपणा मागे हटतो आणि भाजलेल्या धान्याची चव पुढे येते. एक डबा दोघांना तीन दिवस पुरला, म्हणून सगळ्यात छोटा घ्या.

एक मे आपला महाराष्ट्र दिन, तिथला वप्पु नावाचा सण. कैवोपुइस्तो बागेत पांढऱ्या टोप्या घातलेले विद्यार्थी, आजी-आजोबा, सगळे चादरी पसरून बसलेले, हवा आठ-दहा अंश आणि बोचरा वारा. हातात तिप्पालेइपा: पीठ तेलात गोल गोल सोडून तळलेली, पाकात न घातलेली जिलबीच, वर पिठीसाखर. सोबत सिमा, लिंबाचं किंचित फसफसतं पेय. घरी करताना बाटलीत मनुका टाकतात. त्या वर तरंगल्या की सिमा तयार. आम्ही पातळ जाकिटं घालून गेलो होतो, ती चूक करू नका.

पोर्वोला बसने तासाभरात जाता येतं. कवी रुनेबर्ग तिथे राहायचा, म्हणून त्याच्या नावाचा टार्ट तिथे वर्षभर मिळतो, एरवी ५ फेब्रुवारीच्या त्याच्या वाढदिवसापर्यंतच. बदाम, वर रासबेरीचा मुरंबा आणि साखरेचं कडं. मद्यात भिजवलेला असतो, लहान मुलांना देताना विचारा.

मिठायांच्या भिंतीसमोर, म्हणजे सुट्या इर्तोकार्क्कीच्या डब्यांपुढे, शनिवारी मुलांची गर्दी असते. तो त्यांचा 'कँडीचा दिवस'. शाकाहारींनी तिथे 'लीवाते' शब्द आहे का ते बघावं, म्हणजे प्राणिज जिलेटिन.

आणायचं काय? फाझेरची निळी चॉकलेटं, १९२२ पासूनची, सगळ्यांना आवडली. पण मे महिन्यात विमानतळापासून डोंबिवलीपर्यंत त्यांची लापशी झाली. उन्हाळ्यात परतणार असाल तर राईचे चिप्स आणा. लाक्काचा मुरंबा चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या सामानात तो द्रवच धरतात. साल्मिआक्कीच्या चार डब्या आणल्या होत्या. तीन वाटल्या, आणि घेणाऱ्यांपैकी दोघांनी फोन करून विचारलं की ही तारीख उलटलेली आहे का. चौथी डबी ज्वारीच्या डब्यामागे ठेवलीय, ह्यांना अजून सापडलेली नाही.