१९७७ ची पोर्ट, उघडल्यापासून दुसऱ्या दुपारपर्यंत

गुरुवार, रात्र

आडवी ठेवलेली बाटली आज उभी केली. उघडायची शनिवारी संध्याकाळी, म्हणजे साका बसायला जवळजवळ दोन दिवस मिळतील. तेवढे लागतातच. व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची गोड, कडक वाईन, न गाळता बाटलीत भरतात. मग वर्षानुवर्षं तिच्यातला रंग आणि तुरटपणा एकमेकांना धरून जड होत जातात आणि खालच्या अंगाला बसतात. इतक्या वर्षांत काचेवर त्याची चक्क पापडी धरते. पापडीचा फारसा त्रास नसतो, ती सहसा काच सोडत नाही. त्रास असतो तिच्यावरच्या धुरासारख्या बारीक गाळाचा. तो ढवळला गेला की लवकर निवळत नाही, आणि तोवर प्रत्येक घोट कडवट आणि खरखरीत लागतो. म्हणून बाटलीचा तळ टेबलावर टेकवून मान अगदी हळूहळू वर आणली.

एका बाजूला पांढऱ्या रंगाचा फटकारा आहे. तळघरात ही बाजू वर ठेवायची, हा जुना रिवाज. म्हणजे पापडी बरोबर उलट बाजूला आहे, आणि ओतताना हा फटकारा वरच राहिला पाहिजे.

वाईनची पातळी मानेच्या तळाशी आहे. एवढ्या वयाला उत्तम. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असती तर बुचाने दगा दिलाय असं समजून उद्याच उघडली असती आणि ओतल्यावर हवा लागू देण्याचा वेळही निम्मा केला असता.

शनिवार, दुपार

डिकँटर, म्हणजे वाईन गाळापासून वेगळी ओतून ठेवायचं काचेचं भांडं, नुसत्या गरम पाण्याने धुतला, साबण नाही. कपाटात बंद राहिलेल्या काचेला लाकडाचा आणि धुळीचा वास धरतो, तो नाक घालून तपासावा लागतो. मलमलीचा तुकडा उकळून, पिळून, वाळवून ठेवला. कॉफी गाळायचा कागद टाळलेला बरा, कागदाची चव उतरते.

आपल्याकडे पोर्ट म्हटलं की गोव्यातल्या दुकानातली स्वस्त, गोडमिट्ट वाईन डोळ्यांसमोर येते. तिचा आणि हिचा संबंध नावापुरता. ही पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या खोऱ्यातली. ४३५ लिटर अर्धवट आंबलेल्या द्राक्षरसात ७७ टक्के अल्कोहोलची ११५ लिटर द्राक्षाची दारू ओततात. त्याने यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते आणि ५५० लिटरचं एक पिंप तयार होतं, साधारण २० टक्क्यांचं. टॉनी पोर्ट लाकडात मुरते आणि बाटलीत येते तेव्हा प्यायला तयारच असते. व्हिंटेज मात्र दोन-अडीच वर्षांत बाटलीत जाते आणि पुढचं सगळं आयुष्य काचेत काढते. ७७ ची म्हणजे १९७९ च्या सुमारास भरलेली. तोवर ती पोर्तुगालमध्येच भरण्याची सक्ती आली होती. त्याआधी पिंपं इंग्लंडला जात आणि तिथले व्यापारी बाटल्या भरत.

संध्याकाळी ५

वरची टोपी पूर्ण काढली. त्या काळच्या टोप्या शिशाच्या असतात, म्हणून बाटलीचा ओठ ओल्या फडक्याने दोनदा पुसला.

बूच दोन पात्यांच्या ओपनरने काढलं. पाती बुचाच्या कडेने आळीपाळीने खाली सरकवायची, मग पीळ देत वर ओढायचं. तरी शेवटचा तृतीयांश भाग तुटून आतच राहिला. पोर्टच्या जुन्या बाटलीची मान मध्ये फुगीर असते. बूच त्या फुगवट्यात पसरून बसतं आणि वरच्या अरुंद तोंडातून सगळं एकसंध येत नाही. स्क्रूचा ओपनर वापरला असता तर मधोमध भोक पडून नुसता भुगा झाला असता. तापवलेल्या चिमट्याने मान तोडण्याची जुनी पद्धत याचसाठी निघाली: लालभडक चिमटा बुचाच्या खाली मिनिटभर धरायचा, मग तिथेच गार पाण्याचं फडकं लावायचं, मान सरळ रेषेत तडकते. इथे नरसाळ्यावर मलमल होती, तेवढ्यावर भागलं.

५:१०

बाटलीच्या खांद्याखाली टॉर्च. एकाच धारेत, न थांबता, साडेतीन मिनिटं. मध्ये बाटली सरळ केली की आतली लाट मागे जाते आणि सगळा साका उठवते, त्यामुळे एकदा तिरकी केली की थेट शेवटापर्यंत. उजेडात आधी धुराची बारीक रेघ दिसली, मग काळे पापुद्रे खांद्याकडे सरकायला लागले. तिथे थांबलो. तळाशी ६० मिली राहिले. त्यांचा मोह नको. वेगळ्या पेल्यात गाळून पाहिले तरी तुरट चहाच्या तळासारखे लागले.

पहिले ४० मिली पेल्यात. रंग मध्यभागी विटकरी, कडेला मधासारखा. वासाला आधी विझलेली आगकाडी, मागोमाग स्पिरिट. हा आगकाडीचा वास म्हणजे इतकी वर्षं हवेविना कोंडलेली गंधकाची संयुगं. ती उडून जातात. इथेच नाक मुरडून निकाल देणं हा अशा वाईनवर अन्याय आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र वेगळा: तो खराब बुचाचा, हवेने जात नाही, उलट उघडा पडतो. तसं काही नाही.

५:४५

आगकाडी गेली. जिभेवर गोडी पुढे, स्पिरिट मागे, मध्ये मोकळी जागा.

६:४५

मुकी. मघाशी होती तेवढीही बोलत नाही. काळी मनुका, थोडी काकवी, बस्स. हा तासाभराचा उतार जुन्या पोर्टमध्ये बरेचदा येतो आणि बहुतेक बाटल्या इथेच संपवल्या जातात, "ठीक आहे" म्हणून.

७:३०

अचानक दारूचा भपका. वाईन बिघडली असं वाटलं, पण थर्मामीटर २५ अंश दाखवत होता. मुंबईची हवा. विलायती पुस्तकातलं खोलीचं तापमान आपल्या खोलीला लागू नाही. बर्फ घातलेल्या पाण्यात डिकँटर बुडापुरता दहा मिनिटं ठेवला, १७ वर आणला. भपका बसला. दर तासाला मोजायलाच हवं, नाहीतर गरमपणालाच आपण वाईनमधला बदल समजून बसतो.

८:३०

खुलली. सगळ्यात आधी गुलकंद. मग सुकवलेली चेरी, संत्र्याची साल, किसलेलं जायफळ, आणि पेला थोडा फिरवला की वाळलेल्या तंबाखूच्या पानाचा वास. गोडी, तुरटपणा आणि स्पिरिट आता वेगवेगळे मोजता येत नाहीत. घोट गिळल्यावर चव किती टिकते ते घड्याळात पाहिलं: चाळीस सेकंद, आणि शेवटी गोड नाही, किंचित खारट. हे तीन तास वीस मिनिटांनी.

पहिल्याच पेल्यातले २० मिली मुद्दाम बाजूला ठेवले होते, त्यात भर न घालता. तिथे गुलकंद साडेसातलाच येऊन गेला होता. आता खजूर आणि अक्रोड. पेल्यात थोड्या वाईनला भरपूर हवा लागते, म्हणून तो डिकँटरच्या तासभर पुढे धावतो. पुढे काय येणार याची वर्दी देणारा असा एक पेला प्रत्येक वेळी ठेवावा.

९:४५

अजून शिखरावर, जायफळ थोडं वाढलंय. सोबत स्टिल्टन देण्याची प्रथा आहे, पण ते चीज तरुण पोर्टला शोभतं. या वयाच्या नाजूक वासांवर ते चढून बसतं. न भाजलेले अक्रोड पुरेसे.

११

गुलाब ओसरला. उरलेले १५० मिली छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून फ्रिजमध्ये. शिशाच्या क्रिस्टलच्या डिकँटरमध्ये रात्रभर ठेवायची नाही.

रविवार, दुपार

काकवी, कॉफी, अक्रोड. फळ गेलं, स्पिरिट पुन्हा वेगळं उभं राहिलं. पिण्याजोगी आहे, पण काल रात्रीची नाही. २०११ सारखी तरुण पोर्ट दुसऱ्या दिवशीच बोलू लागते. तिला सहा-आठ तास तर आधी द्यावेच लागतात. वीस-तीस वर्षांच्या बाटलीला चारेक तास. साठीच्या पुढची असेल तर ओतायची आणि लगेच प्यायला बसायचं.

याच पेटीतली दुसरी बाटली उघडताना: ओतणं साडेपाचला, पेले साडेआठनंतर, आणि बर्फाचं पाणी सुरुवातीपासून हाताशी.

डिकँटरच्या बुडाशी तांबूस कडं धरलं होतं. मूठभर तांदूळ, कोमट पाणी, गोल गोल फिरवलं, निघालं. उपडा घातलाय.