समोरून लाईट आली की दिसत नाही, हे पटवून देण्यात गेलेले आठ महिने

"तुम्हाला तर चांगलं दिसतंय की!" आठ महिन्यांत हे वाक्य मी चार जणांकडून ऐकलं. माझा त्रास रात्रीचा होता आणि दर वेळी तपासणी झाली ती दिवसाच्या दिसण्याची.

माझं बीड जिल्ह्यात केजला किराणा दुकान आहे. आठवड्यातून एकदा डाळ आणि तेल आणायला व्हॅन घेऊन लातूरला जातो. माल भरून रेणापूर, अंबाजोगाई करत परत यायला रात्र होतेच. जानेवारीत, उसाच्या ऐन गाळप हंगामात, लोखंडी सावरगाव ओलांडल्यावर समोरून ट्रक आला, अपरवर, म्हणजे फोकस वर ठेवून. मी दोनदा डिप्पर मारला, त्याने काही लाईट खाली केली नाही. माझी अख्खी काच दुधासारखी पांढरी झाली. मंडळी, म्हणजे बायको, शेजारी बसली होती. ती ओरडली, "अहो, गाडी!" मी ब्रेकवर उभाच राहिलो. उसाची टोकं बॉनेटला घासली तेव्हा कळलं की पुढे उसाची टायरगाडी, म्हणजे टायर लावलेली बैलगाडी आहे. मागे लाल दिवा नाही, रेडियम नाही. उसावर गोधडीत गुंडाळलेलं एक लेकरू झोपलेलं होतं. ते जागंसुद्धा झालं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण मंडळीला ती गाडी माझ्या कितीतरी आधी दिसली होती.

आधी दोष गाडीला दिला. हेडलाईटची पिवळी पडलेली काच घासून घेतली. मिस्त्रीने ६०/५५ वॅटचा बल्ब काढून १००/९० चा टाकला. पंधरा दिवसांत होल्डर तापून वायरचा वास यायला लागला, म्हणून परत जुनाच बसवला. हा जादा वॅटचा बल्ब कुणीही टाकू नका. वायरिंग जळतं आणि समोरच्याचे डोळे दिपतात. हायवेवर मिळणारा पिवळ्या काचेचा चष्माही घेऊन पाहिला. रात्री मुळात उजेड कमी, त्यातला आणखी थोडा तो चष्मा खातो. पैसे वाया गेले.

मग डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो आणि तिथेच अडकलो.

पहिल्या वेळी सकाळी आठला नंबर लावला, दुपारी एकला आत घेतलं. तक्त्यावरची अक्षरं वाचली. ६/९ आलं, म्हणजे चांगल्या नजरेला नऊ मीटरवरून वाचता येतं ते मला सहावरून. "वयाच्या मानानं छान आहे काका," म्हणत जवळचा नंबर बदलून दिला. मी म्हणालो, "वाचायचं नाही, रात्री गाडी चालवायची अडचण आहे." तोवर पुढच्या माणसाला हाक गेली होती. नवा चष्मा घातला. रात्री तेच.

दुसऱ्या वेळी दुसरे डॉक्टर. पुन्हा तक्ता, पुन्हा ६/९. बॅटरीने डोळ्यात बघून म्हणाले, "मोतीबिंदूची बारीक सुरुवात आहे, पिकू द्या. वर्षभरानं या." वर्षभर मी काय करायचं? रात्री गाडी चालवू नका, असं तरी म्हणा! तेही कुणी म्हणालं नाही. तिसऱ्या वेळी खिडकीवरच्या माणसाने जुना कागद बघितला आणि "तुम्हाला वर्षाची तारीख दिलीय ना?" म्हणून तिथूनच परत पाठवलं. अर्धा दिवस दुकान बंद ठेवून गेलो होतो. बसस्टँडवर येऊन बसलो तेव्हा रडायचंच बाकी होतं. मनात सारखं येत होतं, माझ्या हातून एखाद्या उसतोड कामगाराचा जीव गेला असता तर या ६/९ ला घेऊन काय करायचं होतं?

लायसन्सच्या नूतनीकरणाचंही तेच. चाळिशीनंतर १-अ नमुन्यावर डॉक्टरची सही लागते. त्यात विचारतात की दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का. मला येत होती. सही झाली.

वाट सापडली ती घरी. एका रात्री लेकाला म्हटलं, मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो, तू मोबाईलची बॅटरी माझ्या डोळ्यांच्या बाजूला धर. बॅटरी नव्हती तोवर तिथीसुद्धा वाचली. बॅटरी लागली आणि मोठे आकडेही पांढऱ्या धुक्यात गेले. लेकाने स्वतः करून पाहिलं, त्याला काही फरक पडला नाही. त्याच रात्री कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: "समोरून लाईट आल्यावर दिसत नाही. डोळ्यावर उजेड मारून तक्ता वाचायला लावा."

चौथ्या वेळी खिडकीवर हलायचंच नाही असं ठरवून गेलो आणि हललो नाही. आत एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. मी बोलण्याआधी कागद पुढे केला. त्यांनी तो पूर्ण वाचला. मग मला तक्त्यापुढे बसवून बाजूने बॅटरी धरली. मी ६/९ वरून थेट ६/२४ वर आलो. त्यांनी लगेच बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, तासाभराने मशीनवर बघितलं आणि विचारलं, "स्टेरॉइड घेता का?" सांधेदुखीसाठी चार वर्षं त्या गोळ्या घेत होतो. त्यांनी समजावलं: त्या गोळ्यांनीही असा मोतीबिंदू होऊ शकतो. ढग भिंगाच्या मागच्या आवरणाला लागून, अगदी मध्यावर आहे. उजेड डोळ्यावर आला की बाहुली आकसते, मग जे काही दिसायचं ते त्या ढगातूनच, आणि तो ढग उजेड पसरवतो. असा मोती पिकायची वाट बघायची नसते, कामात अडचण आली की काढायचा. आठ महिन्यांत माझं म्हणणं पहिल्यांदा कुणीतरी पूर्ण ऐकलं होतं.

एक राहिलं. थेंब टाकायच्या दिवशी स्वतः गाडी नेऊ नका. बाहुली काही तास मोठीच राहते, भर उन्हात रस्ता दिसत नाही. मी लेकाला घेऊन गेलो होतो म्हणून बरं. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने बंद करू नका. माझ्या सांधेदुखीच्या डॉक्टरांनी त्या हळूहळू कमी केल्या.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. भिंग निवडताना तिथल्या बाईंनी जवळचं-लांबचं दोन्ही दिसणारं महागडं भिंग सुचवलं होतं. मॅडमनी विचारलं, "रात्री गाडी चालवता ना? मग साधं एका अंतराचं घ्या. त्या भिंगात दिव्यांभोवती कडी दिसू शकतात." वाचायला चष्मा लागतो, लागू दे.

गाडीचं जे पुढे कळलं तेही सांगतो. माझ्या व्हॅनमध्ये स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांचं एक चक्र आहे, सहा वर्षं मी त्याला हात लावला नव्हता. मागे माल भरला की गाडीचं तोंड वर होतं आणि डिपरवरचा, म्हणजे खाली केलेला फोकससुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. चक्र फिरवलं की फोकस खाली येतो. म्हणजे डाळीची पोती भरून मीही इतकी वर्षं लोकांचे डोळे दिपवत होतो, याचं फार वाईट वाटलं. काचही आतून पुसा. आतला तेलकट थर दिवसा दिसत नाही, समोरून लाईट पडली की सगळा चमकतो. आणि वेग. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दिपलेले डोळे जागेवर यायला दोन-तीन सेकंद जरी लागले, तरी पस्तीस ते पन्नास मीटर आपण आंधळेपणानेच काढतो.

डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तोवर लातूरहून दुपारी तीनलाच निघतो, माल अर्धा भरला असला तरी.