ख्रिस्त हवा, पण चर्च नको?

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत गर्दी लोटते, तिच्यात नवस बोलून आलेले कितीतरी लोक ख्रिस्ती नसतात. मी इथलाच कॅथलिक, म्हणून ओळखीचे लोक विचारतात : ‘येशूला आम्ही मनापासून मानतो. मग चर्चही मानायलाच हवं का?’ बाप्तिस्मा झालेली, पण मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) यायचं सोडलेली आमची मुलंही हेच विचारतात.

तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगतो : हो, हवं.

शौलाची, म्हणजे पुढच्या संत पौलाची, गोष्ट बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. तो ख्रिस्ताच्या अनुयायांना धरून आणायला दमास्कसला निघाला होता. येशू तर तेव्हा स्वर्गात गेलेला. तरी वाटेत आवाज आला, ‘शौला, माझा छळ का करतोस?’ ‘माझ्या माणसांचा’ नव्हे, ‘माझा’. आणि पुढे काय करायचं तेही तिथल्या तिथे सांगितलं नाही. शहरात जा, म्हटलं. तिथे हनन्या नावाचा शिष्य भीत भीत आला, त्याने शौलावर हात ठेवले, मग बाप्तिस्मा झाला. प्रत्यक्ष ख्रिस्त ज्याला भेटला, त्यालाही ख्रिस्ताने मंडळीच्या, म्हणजे चर्चच्याच, हाती सोपवलं. माझं ‘हो’ या प्रसंगावर उभं आहे.

मग बाहेरच्यांचं काय? ‘ख्रिस्तसभेबाहेर (म्हणजे चर्चबाहेर) तारण नाही’ हे वचन तिसऱ्या शतकातल्या संत सिप्रियनचं. त्यांच्यापुढे होते ते सभा फोडून बाहेर पडलेले लोक. अमेरिकेतल्या बॉस्टनचे कॅथलिक धर्मगुरू फादर लिओनार्ड फीनी या वचनाचा इतका कडक अर्थ लावू लागले की रोमने 1949 साली पत्र लिहून तो अर्थ चुकीचा ठरवला, आणि आज्ञा मोडल्याबद्दल 1953 मध्ये त्यांनाच बहिष्कृत केलं. (1972 मध्ये समेट झाला.) पुढे 1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, सांगितलं : स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळलाच नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. मात्र ख्रिस्तसभा आवश्यक आहे, हे कळूनही जो नाकारतो, त्याचं होणार नाही. आणि सभेत राहूनही ज्याच्यात प्रेम टिकलं नाही, त्याचंही नाही. हे शेवटचं वाक्य मला जास्त भिववतं.

आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हा प्रश्न जगून पाहिला. त्यांचं शिक्षण नाशिकचं, पत्नी लक्ष्मीबाई जवळच्या जलालपूरच्या. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक प्रोटेस्टंट होते. 1917 मध्ये मिशन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांसाठी. परकी चौकट त्यांना जाचत होती, ती तळमळ मला पटते. बाप्तिस्मा ऐच्छिक मानणं कॅथलिक म्हणून मला पटत नाही. पण मिशन सोडल्यावरही त्यांनी माणसं जमवलीच. ख्रिस्ताबरोबर एकट्याने राहावं, असं त्यांना वाटलं नाही.

‘चर्चमधली माणसं वाईट वागतात’ हा आक्षेप मी टाळत नाही. फ्रान्ससाठी लढलेल्या जोन ऑफ आर्कला 1431 साली एका बिशपच्याच न्यायासनाने दोषी ठरवलं आणि तिला जाळण्यात आलं. त्याच न्यायासनापुढे ती म्हणाली होती की ख्रिस्त आणि ख्रिस्तसभा मला एकच दिसतात, यात अडचण कसली? तो निकाल 1456 मध्ये रद्द झाला. संतपद मिळायला 1920 उजाडलं. चर्चच्या माणसांकडून इतकं भोगूनही तिने ख्रिस्ताला चर्चपासून वेगळं काढलं नाही.

घरच्यांच्या विरोधामुळे बाप्तिस्मा घेता न आलेल्या ताई मला भेटतात. त्यांना मी सांगतो की बाप्तिस्म्याची मनापासूनची इच्छाही देव मोजतो. ही शिकवण आमच्यात फार जुनी आहे. ज्यांना अडवणारं कुणी नाही, त्यांना म्हणतो, रविवारी मिस्साला येऊन बसा. ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) अजून घेता येणार नाही, पण वाचन ऐका, प्रार्थनेत उभे राहा आणि नंतर फादरांशी बोला.