पुण्याला जायचंय, मग मेडिकेअरचा पार्ट बी घ्यायचा का?

गेल्या वर्षी, २०२५मध्ये, मी पासष्टची झाले. नवरा सदुसष्टचा. न्यू जर्सीतली नोकरी संपवून वर्षातले बरेच महिने कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहायचं, जमलं तर पुढे कायमचंच तिकडे जायचं, असा आमचा बेत होता. त्यामुळे मेडिकेअरचा, म्हणजे अमेरिकेत पासष्टीनंतर मिळणाऱ्या सरकारी आरोग्य विम्याचा, पार्ट बी घ्यायचा की नाही यावर आमच्या घरात बरेच दिवस खल चालला. आमच्यासारखे दोन्हीकडे पाय असलेले पुष्कळ मराठी लोक इथे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पार्ट ए बद्दल प्रश्नच नव्हता. इथे पगारातून दर वेळी १.४५ टक्के मेडिकेअरसाठी कापले जातात आणि अशी साधारण दहा वर्षांची नोकरी झाली की हॉस्पिटलात दाखल झाल्यावर लागणारा पार्ट ए बिनहप्त्याचा मिळतो. पार्ट बी मात्र ऐच्छिक आहे. डॉक्टरची फी, तपासण्या, हॉस्पिटलात न राहता घेतलेले उपचार हे सगळं त्यात येतं. २०२५मध्ये त्याचा हप्ता महिन्याला १८५ डॉलर होता. म्हणजे माणशी वर्षाला २,२२० आणि दोघांचे मिळून ४,४४०, पावणेचार लाख रुपयांच्या घरात. आणि काही मोजके अपवाद सोडले तर अमेरिकेबाहेर मेडिकेअर चालत नाही. कोथरूडला छातीत दुखायला लागलं तर त्यातून एक डॉलरही मिळणार नाही.

नवरा हिशेबाचा पक्का. वेळेवर पार्ट बी घेतला नाही तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्त्यावर दहा टक्के दंड बसतो, तोही जन्मभर, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने आकडे मांडले. पाच वर्षं हप्ता भरला नाही तर माणशी ११,१०० डॉलर वाचतात. पाच वर्षांचा दंड पन्नास टक्के, म्हणजे २०२५च्या दराने वर्षाला १,११० डॉलर जास्त. वाचलेले पैसे दंडात जायलाच दहा वर्षं लागणार. तोवर आपण ऐंशीच्या पुढे! हप्ता दरवर्षी वाढतो (२०२६मध्ये तो २०२ डॉलर ९० सेंट झाला) आणि दंड त्या वाढलेल्या हप्त्यावर लागतो, हे धरलं तरी त्याचं गणित फारसं बिघडत नव्हतं. मला उत्तर सुचेना. मुलगी बॉस्टनला, नातवंडं तिथे, आणि हे कुठल्या रकान्यात मांडायचं ते मला कळत नव्हतं.

त्यात माझ्या ऑफिसच्या एचआरने भर घातली. नवऱ्याने निवृत्त झाल्यापासून फक्त पार्ट ए घेतला होता आणि बाकी तो माझ्या ऑफिसच्या विम्यावर होता. कंपनीत वीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील आणि तुम्ही किंवा जोडीदार प्रत्यक्ष नोकरीत असाल, तर पार्ट बी लांबवता येतो, दंड बसत नाही. मी जूनअखेर नोकरी सोडणार म्हटल्यावर एचआरमधल्या बाईंनी कोब्राचे कागद पाठवले. म्हणजे ऑफिसचाच विमा पुढे अठरा महिने, पूर्ण हप्ता स्वतः भरून. ‘दोघांनी हे घ्या, मेडिकेअरचं सावकाश बघा,’ असं त्या म्हणाल्या. ऐकायला सोयीचं होतं. पण मला राहून राहून वाटत होतं की हे एकदा दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं.

इथे प्रत्येक राज्यात शिप नावाचा सरकारी सल्ला कार्यक्रम असतो. फुकट असतो आणि तिथली माणसं काही विकत नाहीत. आमच्या काउंटीत मला ज्या स्वयंसेविका भेटल्या त्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी समोर कॅलेंडर ठेवलं आणि पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केली. माझा वाढदिवस ऑगस्टमधला. त्यामुळे माझी नोंदणीची मुदत मे ते नोव्हेंबर अशी सात महिन्यांची. नवऱ्याची मुदत वेगळी: माझी नोकरी संपल्यापासून आठ महिने, म्हणजे फेब्रुवारीअखेरपर्यंत. मग त्यांनी कोब्राच्या कागदावर बोट ठेवलं. या आठ महिन्यांचं घड्याळ कोब्रामुळे थांबत नाही. कोब्रा हा ‘नोकरीतला’ विमा धरलाच जात नाही. अठरा महिने त्यावर बसून राहिलो असतो तर दोघांच्याही मुदती टळल्या असत्या. शिवाय मेडिकेअर मिळत असूनही ती घेतली नाही, तर मेडिकेअरने जेवढं दिलं असतं तेवढं वजा करून उरलेलंच कोब्रावाले देऊ शकतात. म्हणजे कोब्राचा भरमसाट हप्ता भरूनही बिलाचा मोठा भाग आपल्याच अंगावर. एचआरच्या बाईंचा हेतू वाईट नव्हता असं मी मानते, पण पासष्टीच्या माणसाला असा सल्ला कुणी देऊ नये.

मुदत चुकली तर काय, हे मी विचारलं. तेव्हा वर्षातून एकदाच, १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात, नोंदणी करता येते आणि विमा पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू होतो. निवृत्त होऊन भारतात राहत होतो, एवढ्या कारणासाठी वेगळी सवलत नाही.

हे ऐकलं आणि मला ओळखीतलं एक जोडपं आठवलं. पार्ट बी न घेता ते नाशिकला गेले होते. तिकडे छान चाललं होतं. मग एका एप्रिलमध्ये काकांना कॅन्सर निघाला. दोन्ही मुलं टेक्सासला, आणि मुलांजवळ जाऊन उपचार घ्यावेत अशी काकूंची फार इच्छा होती. पार्ट ए होता, पण हॉस्पिटलात दाखल न होता घ्यायची केमो, ऑन्कॉलॉजिस्टच्या भेटी, स्कॅन हे सगळं पार्ट बीचं. नोंदणी जानेवारीत, विमा लवकरात लवकर फेब्रुवारीपासून. कॅन्सर दहा महिने थांबतो थोडाच! नाशिकच्या डॉक्टरांनी चांगले उपचार केले, काका आता बरे आहेत. पण मुलं आळीपाळीने रजा काढून येत राहिली आणि काकू एकट्या धावपळ करत राहिल्या, ते मी फोनवर ऐकत होते.

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, तुझा दंडाचा हिशेब बरोबर आहे, त्यावर माझं भांडण नाही. पण तुझ्या हृदयात एक स्टेंट आहे, मधुमेह आहे. आजार एप्रिलमध्ये आला तर काय करायचं ते तुझ्या कागदावर लिहिलेलं नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने नाशिकच्या काकांना फोन लावला आणि दोघं खूप वेळ बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच नोंदणीचे फॉर्म प्रिंट केले.

माझा अर्ज ऑनलाइन झाला, त्यात विशेष काही नाही. नवऱ्याला मात्र नेहमीच्या अर्जाबरोबर एल-५६४ हा एक पानी फॉर्म लागला. आधीपासून ऑफिसचा विमा होता हे त्यावर कंपनीने तारखांसह लिहून सही करून द्यायचं असतं. नोकरी सोडण्याआधीच ही सही घेऊन ठेवा. गेल्यानंतर एचआरच्या मागे लागणं जड जातं. मग सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे मेडिकेअरची नोंदणी बघणाऱ्या सरकारी खात्याचं, पत्र आलं की आमचा हप्ता १८५ नाही, माणशी २५९. कारण ते दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतात, आणि २०२३मध्ये दोघांचं मिळून उत्पन्न २,१२,००० डॉलरच्या वर होतं. त्यावर उपाय आहे: एसएसए-४४ हा फॉर्म. नोकरी संपल्याने उत्पन्न घटलं, असं पुराव्यासह कळवलं की हप्ता कमी होतो. आमचा झाला. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते वर्षभर निमूटपणे जादा भरत राहतात.

नवीन कार्डं आली. नवऱ्याच्या जुन्या कार्डावर पार्ट एची एकच ओळ आणि तारीख होती, आता खाली पार्ट बीची दुसरी ओळ आली.

त्यानंतर मेडिगॅप (मूळ मेडिकेअरला, म्हणजे पार्ट ए आणि बीला, जोड देणारा खासगी विमा) की मूळ मेडिकेअरच्या जागी घ्यायची खासगी कंपनीची अ‍ॅडव्हान्टेज हा प्रश्न आला. तो आमच्या बाबतीत लवकर सुटला. बिनहप्त्याच्या अ‍ॅडव्हान्टेज योजनांच्या जाहिराती घरी ढिगाने येतात, पण त्या तुमच्या भागापुरत्या असतात आणि सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर साधारणपणे नाव काढलं जातं. पुण्याला जाऊन येऊन राहणाऱ्यांना त्या परवडत नाहीत. मूळ मेडिकेअरमध्ये वीस टक्के खर्च आपल्याकडे राहतो आणि त्याला वरची मर्यादा नाही, म्हणून जोडीला मेडिगॅप हवा. पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्यापासून पहिले सहा महिने कंपनी तब्येतीचे प्रश्न विचारून नकार देऊ शकत नाही. स्टेंट असलेल्या माणसासाठी ही मुदत सोन्यासारखी आहे. आम्ही मेडिगॅपचा प्लॅन जी घेतला. त्यात परदेशात अचानक आजारी पडलं तर थोडा आधार आहे: प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत, २५० डॉलर आपण भरल्यावर ८० टक्के, आणि आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. कोथरूडच्या पहिल्या दोन महिन्यांपुरतं का होईना, काहीतरी आहे. औषधांसाठी पार्ट डीची साधी योजना घेतली, कारण इथला पत्ता असताना ती न घेता राहिलं तर तिथेही दंड आहे.

पुण्यातल्या उपचारांसाठी सध्या बँकेत वेगळी ठेव ठेवली आहे. तिथल्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं, त्यामुळे नवऱ्याला तिचा लगेच उपयोग नाही. माझ्यापुरती घ्यावी का, ते दीर चौकशी करून सांगणार आहेत.

पुढे कायमचं गेलो तरी पार्ट बीचा हप्ता भरत राहायचा, एवढं आमचं ठरलं आहे. मेडिगॅपवर अजून एकमत नाही. सोडला तर न्यू जर्सीत तो परत घेताना तब्येतीची चौकशी होणार, आणि चालू ठेवला तर वापर नसताना दोघांचे हप्ते जाणार. नवरा म्हणतो सोडू या. मी अजून हो म्हटलेलं नाही.