तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी येतंय, आणि म्हणे डोळे कोरडे!

गेल्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. दुपारचे साडेतीन, समोर दिवाळी अंकाची प्रुफं, आणि माझ्या डाव्या डोळ्यातून पाण्याची धार. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे. "ताई, कथा एवढी करुण आहे?" म्हटलं, नाही रे, डोळे कोरडे पडलेत. तो हसला. सगळेच हसतात. त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला: लेन्सचा एवढा त्रास होतो तर सरळ चष्मा का लावत नाही?

अकरा वर्षं लेन्स वापरतेय, अकरा वर्षं हे दोन प्रश्न ऐकतेय. आता एकदा सविस्तर सांगूनच टाकते.

चष्म्याचं आधी, कारण ते लवकर आटपतं. माझा उजवा डोळा उणे २, डावा उणे ७.५. एवढा फरक असला की चष्म्यातून उजव्या डोळ्याला जग जवळजवळ आहे तेवढं दिसतं आणि डाव्याला आखडलेलं. ही दोन मापं जुळवता जुळवता तासाभरात कपाळ ठणकायला लागतं. जिना उतरताना तर नजर काचेच्या खालच्या भागातून जाते आणि दोन डोळ्यांना एकच पायरी दोन उंचींवर दिसते. लेन्स बुबुळावरच बसते, डोळा फिरेल तशी फिरते, त्यामुळे ही भानगड बरीचशी मिटते. चष्मा आहे माझ्याकडे. त्यात डाव्या काचेचा नंबर मुद्दाम कमी ठेवलाय. त्याने भाजी निवडता येते, प्रुफं नाही तपासता येत. आणि "लेझर करून टाक ना" म्हणणाऱ्यांसाठी: त्या शस्त्रक्रियेत बुबुळाच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे नंतर काही महिने डोळे कोरडे पडणं नेहमीचंच. माझे आधीच कोरडे. डॉक्टरच नको म्हणाल्या.

आता पाण्याचं.

मी पहिल्यांदा तपासायला गेले तेव्हा खालच्या पापणीत कागदाची एक अरुंद पट्टी अडकवून मला पाच मिनिटं बसवलं. पट्टी १४ मिलिमीटर भिजली. १० च्या वर गेली की सहसा ठीक मानतात. म्हणजे पाणी भरपूर. मला जरा फसवल्यासारखंच वाटलं. मग डॉक्टरांनी डोळ्यात केशरी रंगाचा थेंब टाकला, दिवे घालवले, निळा प्रकाश सोडला आणि म्हणाल्या, "आता पापणी मिटू नका हं." एक, दोन, तीन, चार. "फाटला." काय फाटलं? तर डोळ्यावरचा अश्रूंचा थर. तो निदान १० सेकंद तरी टिकायला हवा. माझा चारात संपला.

"पाणी आहे हो तुमच्याकडे, तवंग नाही," त्या म्हणाल्या.

पुण्यात वाढलेल्या माणसाला तवंग म्हटल्यावर आणखी काही समजवावं लागत नाही. मिसळीच्या रश्श्यावर तर्री असली की खालचा रस्सा लवकर निवत नाही, तसंच हे. अश्रूंच्या पाण्यावर तेलाचा एक पातळ थर असतो आणि तो पाण्याची वाफ होऊ देत नाही. हे तेल येतं पापण्यांच्या कडेतून. पापणीच्या केसांच्या मागे बारीक छिद्रांची एक ओळ असते, वरच्या पापणीत २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. त्या ग्रंथींतलं तेल पातळ असलं तर पापणी मिटताना आपोआप बाहेर येतं. माझं थिजतं, थंडीत खोबरेलाची बाटली थिजते तसं. मग थर फाटतो, डोळा चुरचुरतो आणि मेंदू घाबरून पाणी सोडतो. पण ते नुसतं पाणी. नळ कोरडा म्हणून टँकर मागवावा आणि त्याने सगळं रस्त्यावर ओतून निघून जावं, तसं ते गालावरून ओघळतं. डोळा कोरडा तो कोरडाच.

यात लेन्सचा वाटा आहेच. अश्रूंचा थर मुळात केसापेक्षाही कितीतरी पातळ, त्यात मधोमध लेन्स येऊन बसते, त्यामुळे वरचा भाग आणखी विरळ होतो आणि लवकर उडतो. मऊ लेन्समध्ये स्वतःचंही पाणी असतं, दिवसभरात तेही सुकत जातं. (प्रागच्या ओट्टो विख्टरले यांनी १९६१ च्या नाताळात मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांचं आणि सायकलच्या डायनॅमोचं यंत्र करून घरच्या टेबलावर मऊ लेन्स ओतल्या. रोज सकाळी बोटाच्या टोकावर लेन्स घेतली की मला ते खेळणं आठवतं.) कोणी सांगतं, जास्त पाण्याची लेन्स घ्या, ओल राहील. मीही तशीच घेतली होती. पण अशा लेन्स बऱ्याचदा लवकर सुकतात. माझी दुपारनंतर ओल्या पापडासारखी वाटायची, कडा वर आल्यासारखी.

पण खरा गुन्हेगार माझा धंदा. माणूस एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकटक पाहताना हे पाच-सातवर येतं, आणि त्यातल्याही बऱ्याच अर्ध्या, वरची पापणी खालच्या पापणीला टेकतच नाही. टेकली नाही तर तेल पसरणार कसं? मुद्रितशोधनात तर पापणी लवली की चूक निसटेल अशी भीती. एका दुपारी पानावर 'लोकाना' दिसलं. लाल पेनाने अनुस्वार दिला, डोळे मिटून उघडले, तर तिथे दोन अनुस्वार. एक छापलेला, एक माझा. आधीची सतरा पानं मी पुन्हा वाचली.

तेव्हापासून परिच्छेद संपला की डोळे पूर्ण मिटायचे, क्षणभर तसेच ठेवायचे, मग उघडायचे. सुरुवातीला विसरायचे म्हणून मॉनिटरच्या कडेला 'मीट' असं लिहून चिठ्ठी लावली. ऑफिसात दोन दिवस मिठावरून विनोद झाले. मॉनिटरही खाली घेतला. नजर खाली असली की पापणी अर्धी झाकलेली राहते, उघडा भाग कमी, वाळणं कमी. एसीचा झोत थेट तोंडावर यायचा, म्हणून जागा बदलून मागितली. सगळ्या उपायांत याचा उपयोग लगेच जाणवला, आणि खर्च शून्य.

सकाळी लेन्स घालायच्या आधी शेक. स्वच्छ रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळायचा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, सोसवला तर मिटल्या डोळ्यांवर. रुमाल मिनिटभरात गार होतो, म्हणून दोन रुमाल आलटून पालटून, दहा मिनिटं. मग स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, अगदी हलकेच. हे चार दिवस करून सोडणाऱ्याला गुण येत नाही. मला जवळजवळ दीड महिना लागला.

थेंबांच्या बाबतीत मी बऱ्याच चुका केल्या. डोळे पांढरेशुभ्र करणारे थेंब काही दिवस वापरले. त्यांनी रक्तवाहिन्या आकसतात, आणि वापर थांबवला की डोळा आधीपेक्षा लाल होऊन बसतो. साध्या बाटलीतल्या कृत्रिम अश्रूंमध्ये बऱ्याचदा परिरक्षक, म्हणजे थेंब खराब होऊ नयेत म्हणून घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह असतं, मऊ लेन्स ते शोषून घेते आणि दिवसभर बुबुळावर धरून बसते. म्हणून आता विनापरिरक्षक, लेन्सवर चालतील असे, एका वेळच्या छोट्या कुप्यांतले. आणि रोज नवी लेन्स, रात्री टाकून द्यायची. महिन्याचा खर्च वाढला, हे खरंय. आईच्या गुलाबपाण्याला मात्र मी हात जोडले. आईची माया निर्जंतुक असते, गुलाबपाणी नसतं. सर्दीच्या काही गोळ्यांनीही डोळे सुकतात, हे मला तीन सर्द्यांनंतर कळलं.

आणि नागपूरची गोष्ट. मावसबहिणीचं लग्न, रात्रीची एसी बस, लेन्सची डबी बॅगेत, बॅग डिकीत. म्हटलं, एक रात्र काय होतंय. डोक्यावरचा झोत रात्रभर तोंडावर. पहाटे डावी लेन्स बुबुळाला चिकटलेली. शेजारच्या काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली. ती घेतली नाही, तेवढी अक्कल होती. साध्या पाण्यात एक अमीबा असू शकतो, तो लेन्सखाली अडकला तर बुबुळ पोखरतो. पण चिमटीत धरून लेन्स ओढण्याची अक्कल मात्र सुचली. लेन्सबरोबर बुबुळाची सालही थोडी निघाली. दुखणं असं की प्रकाशाकडे बघवेना. अशा वेळी थेंब टाकून थांबायचं असतं, मिटल्या पापणीवरून हळूच चोळायचं, लेन्स सरकायला लागली की मगच काढायची. आणि डोळा दुखत असेल, लाल असेल, उजेड सोसवत नसेल, धूसर दिसत असेल, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर. मी लग्नघरातून गेले. प्रतिजैविक थेंब आणि दहा दिवस चष्मा. मांडवाच्या दोन पायऱ्या मला चार दिसल्या आणि मी नवरदेवाच्या आत्याच्या अंगावर गेले. त्या अजून ओळख देत नाहीत.

आता साधारण आठ तास लेन्स, त्याहून जास्त नाही. घरी आले की हात धुऊन, पुसून, आधी लेन्स काढते, मग चहा. रविवारी चष्माच, त्या दिवशी जिना कठड्याला धरून. दिवाळी अंकांच्या हंगामात गणित बिघडतं, तसं त्या दिवशी बिघडलं होतं.

त्या दिवशी चारला मी हात टेकले. लेन्स काढल्या आणि उरलेली बारा पानं सहकाऱ्याकडे सरकवली. तो वाचत बसला. पाचच्या सुमारास पाहिलं तर चष्मा कपाळावर चढवून तो रुमालाने डोळे पुसत होता. कथा करुणच होती म्हणे.