जाळ्यात येण्याआधी मासा ओळखताना

आपल्याकडचे मत्स्यशेतकरी ज्याला चंदेरा म्हणतात तो सिल्व्हर कार्प आणि त्याचा भाऊबंद बिगहेड हे दोन्ही मासे १९७०च्या दशकात अमेरिकेत तळी स्वच्छ ठेवण्यासाठी आणले गेले आणि तिथून निसटून मिसिसिपीच्या खोऱ्यात पसरले. ते मिशिगन सरोवरात शिरू नयेत म्हणून शिकागोजवळच्या कालव्यात विजेचा अडथळा उभारलेला आहे. २००९ साली या अडथळ्याच्या पलीकडे, सरोवराच्या बाजूच्या पाण्यात, त्यांचा डीएनए सापडला.

मासा पोहताना अंगावरचा बुळबुळीत थर, सुट्या पेशी आणि विष्ठा पाण्यात सोडत असतो. दोन लिटर पाणी बारीक गाळणीतून गाळायचे, गाळणीवर उरलेल्या अंशातून डीएनए वेगळा काढायचा आणि त्या जातीपुरतेच प्राइमर (फक्त त्याच जातीच्या डीएनएला चिकटणारे छोटे तुकडे) वापरून पीसीआर, म्हणजे त्या डीएनएच्या असंख्य प्रती काढणारी चाचणी, करायची, अशी ही पद्धत आहे. फ्रान्समधील तळ्यांत अमेरिकन बुलफ्रॉग हा बेडूक पाण्यातल्या डीएनएवरूनच शोधल्याचे संशोधन २००८ साली प्रसिद्ध झाले होते. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती शुद्ध पाण्याची बाटली, जी नमुन्यांबरोबरच नेली आणि तपासली जाते. तिच्यात डीएनए निघाला, तर दोष हाताळणीचा आहे हे उघड होते.

शिकागोच्या निष्कर्षांवर बराच वाद झाला. हा डीएनए पक्ष्यांच्या विष्ठेतून किंवा बोटींबरोबर आला असेल, असे आक्षेप घेतले गेले, आणि मासा जिवंत आहे की मेलेला, एक आहे की शंभर, हे पाणी सांगत नाही, हेही खरेच आहे. मात्र जून २०१० मध्ये अडथळ्याच्या पलीकडे, कॅल्युमेट सरोवरात, जिवंत बिगहेड पकडला गेला. पाण्यातला डीएनए काही दिवसांत किंवा आठवड्यांत विरून जातो, म्हणून एकाच ठिकाणी तो पुन्हा पुन्हा सापडत असेल, तर मासा हाती लागेपर्यंत थांबणे मला अक्षम्य वाटते.

आपल्याकडे उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सकर मासा, म्हणजे बाहेरून आलेला एक परदेशी मार्जारमासा (कॅटफिश), अडकतो आणि त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात. तिथे तपासणीला उशीर झाला आहे. ती व्हायला हवी ती हा मासा अजून न दिसलेल्या धरणांत. चंदेरा आपण स्वतःच जलाशयांत सोडतो, त्यामुळे शिकागोत शोधायच्या माशांची यादी इथे चालणार नाही, आणि सकरचे प्राइमर आपल्या स्थानिक मार्जारमाशांच्या डीएनएला चिकटत नाहीत ना, हे आधी इथल्याच माशांवर पडताळावे लागेल.